टेकडीवरून चित्र येईपर्यंत

४ एप्रिल

आजही चित्र नाही.

सकाळपासून चाकणला कंपनीच्या गच्चीवर. पत्रा एवढा तापतो की बुटाच्या तळव्यातून कळतं. मी इकडे लॅपटॉप घेऊन, मिलिंद तिकडे टेकडीवर पोलवर चढलेला. कॅमेऱ्याचं चित्र वायरशिवाय आणायचं तर दोन डिश एकमेकींकडे तोंड करून बसवायच्या, मधे दहा-बारा किलोमीटर. नुसत्या डोळ्यांनी त्याचा पोल दिसतसुद्धा नाही. स्क्रीनवरचा सिग्नलचा आकडा मायनस नव्वदच्या आसपास घुटमळतोय. साठच्या घरात आला तर चित्र येईल.

फोनवर मी, "डावीकडे घे. अजून. अजून. थांब, गेला, परत ये."
तो, "डावं कुणाचं? तुझं की माझं?"
लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा प्रश्न काही सुटत नाही.

शेवटी कळलं, मधे निलगिरीची रांग आडवी येते. पोल उंच करावा लागणार. म्हणजे अजून एक आठवडा.

कदम साहेब गच्चीवर येऊन गेले. कंपनीचे सिक्युरिटी ऑफिसर, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आवाज कधी चढत नाही, त्यामुळेच भीती वाटते. म्हणाले, "ताई, एकदा पाऊस लागला की नदीकडचा रस्ता बंद. गाडी सोडा, माणूस जात नाही. त्याच्या आत मला पंप हाउस स्क्रीनवर दिसलं पाहिजे."

कंपनीचं सगळं पाणी त्या पंप हाउसमधून येतं. तिथली केबल चोर पुन्हा पुन्हा कापून नेतात. वॉचमन ठेवला होता, त्याला मारलं, तो गेला तो आलाच नाही. आता तिथे राहायला कुणी तयार नाही. नदी खड्ड्यात, चाकणहून सरळ दिसत नाही. म्हणून आधी गच्ची ते टेकडी, मग टेकडी ते नदी. आमच्यासारख्या दोन माणसांच्या धंद्याला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालंय. हे नीट झालं तर कं.च्या बाकीच्या जागाही आम्हालाच.

झालं तर.


७ एप्रिल

देहूरोड, घरी. सकाळी मि. बाथरूममधून बाहेर आला आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. बराच वेळ. मी पोळ्या करत होते, बघितलं, बोलले नाही. मग विचारलं तर, "पटकन उठलो म्हणून."

पटकन कुठे उठला होता. दात घासून आला होता.

परवा भोसरीला आमच्या दुकानासमोर गाडी स्टँडवर लावताना गाडीसकट कलला होता. तेव्हा म्हणाला, वाळूवरून पाय सरकला. फोन हल्ली उजव्या कानाला लावतो. आधी डाव्या कानाला लावायचा, कारण उजव्या हातात पाना असायचा. हे सगळं एकत्र मांडायची मला गरज नाही. मांडतेय तरी.

सासूबाई म्हणाल्या, "बीपी बघून घे रे एकदा."
"आई, काम संपू दे."


११ एप्रिल

टेकडी. पोल उंच झाला. वेल्डिंगवाला दुपारीच गेला, बाकीचं आम्ही दोघांनी केलं. सोलर प्लेट आणि बॅटरीची पेटीही बसली. बॅटरी चोरीला जाऊ नये म्हणून एक कॅमेरा इथेच, पोलकडेच तोंड करून, शेजारच्या छोट्या खांबावर लावलाय.

जागा ठकूबाईंची. साठीच्या पुढच्या, एकट्याच राहतात, शेळ्या आहेत. कॅमेरा बघून माझ्यापाशी आल्या.
"ह्यो डबा माझ्या घरातलं बगतो का गं?"
"नाही मावशी, फक्त पोल. आणि ही पेटी."
"आनि म्या मधून ग्येले तर?"
"तर तुम्ही दिसणार."
"दिसूंद्या. पर आंगोळीचा आडोसा तिकडं हाय, तेवढं सोडा."
मि.ने लगेच चढून कॅमेरा थोडा वळवला आणि मोबाइलवर त्यांना दाखवला. आडोसा दिसत नाही म्हटल्यावर त्या शांत झाल्या. मग ताक दिलं.

मि. खाली उतरला तेव्हा ताकाचा पेला दोन्ही हातांनी धरून प्याला. मी बघत राहते आणि मग स्वतःवरच चिडते. सारखं काय बघायचं माणसाकडे.


१४ एप्रिल

जयंती. काम बंद. संध्याकाळी पिंपरीला गेलो, दरवर्षीसारखे. गर्दी, निळे झेंडे, लहान पोरं खांद्यावर. दरवर्षी मि. मिरवणुकीत घुसतो आणि मला त्याला शोधावं लागतं. या वर्षी माझ्या शेजारी उभा होता. डीजेची गाडी जवळ आली तसं डाव्या कानात बोट घालून डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, "चल, जाऊ घरी."

सासूबाईंना वाटलं आम्ही भांडून आलो.


१७ एप्रिल

आलं!! टेकडीवरून चित्र आलं.

आकडा नव्वदवरून सत्तर, मग एकदम अठ्ठावन्न. मी ओरडले. फोनवर मि. म्हणाला, "कान फाटला, हळू." आणि स्क्रीनवर टेकडी. पोल, पोलची शिडी, बॅटरीची पेटी, आणि पेटीच्या सावलीत ठकूबाईंच्या दोन शेळ्या.

कदम साहेब आले, हात मागे बांधून बघत उभे राहिले. "शेळ्यांवर लक्ष राहील तुमच्या." एवढंच. पण हसले.

आता त्याच पोलवर दुसरी डिश. तिचं तोंड नदीकडे. मग नदीकाठचा पोल. मग संपलं.


१८ एप्रिल

 

लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

मी गच्चीवर, मि. टेकडीवर. अकराच्या सुमारास तो दुसरी डिश घेऊन चढला. ब्लूटूथ कानात, फोन चालूच होता. मी त्याला सांगत होते, नट अजून आवळू नको, आधी दिशा. तो हं हं करत होता. मग हं थांबलं.
"मिलिंद?"
काही नाही. वाऱ्याचा आवाज फक्त.

वाटलं फोन कट झाला. पण सेकंद पुढे सरकत होते. मग आठवलं, आता आपल्याला दिसतं. कालपासून दिसतं. टेकडीचं चित्र मोठं केलं.

पोलला मिठी मारून उभा होता. वर, शेवटच्या पायरीवर. कपाळ लोखंडाला टेकलेलं. डिश एका बोल्टवर लोंबकळतेय. आणि त्याच्या सेफ्टी बेल्टचा हूक सुटा. डिश फिरवायला सोडला असणार. वाऱ्याने हूक हलत होता, तो मात्र अजिबात हलत नव्हता.

"मिलिंद, ऐकू येतंय का?"
बऱ्याच वेळाने, "सगळं फिरतंय."
एवढंच म्हणाला. त्याचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

काय सुचलं माहीत नाही. म्हटलं, "डोळे मिटलेलेच ठेव. मला तू दिसतोयस. मी सांगते तसं कर. उजवा हात सोडू नको. डावा हात कमरेपाशी आण. तुझा डावा."

चित्र दोन सेकंद मागे असतं. हे मला माहीत होतं, लोकांना मीच समजावते. पण आज कळलं ते काय असतं. मी सांगायचं आणि मग नुसतं वाट बघायची, त्याने केलं की तो पडला. जे दिसतंय ते होऊन गेलेलं.

हात कमरेशी आला. "अजून मागे. खाली. हां, तो हूक. धर. आता समोर आण, पोलला वरून वेढा घालून." लागला नाही. परत. परत. मग लागला. तो ओकला. मी बघितलं.

मग पाय. "डावा खाली. अजून. टेकला बघ." पाय शिडी शोधत होता, सापडत नव्हती. तेवढ्यात चित्रात खालून ठकूबाई आल्या. वर बघितलं, काठी टाकली आणि सरळ शिडीला धरून चढल्या, दोन-तीन पायऱ्या, साडीचा काष्टा खोचून. तो खाली सरकत त्यांच्या हाताशी आला तसा त्याचा बूट धरला आणि एकेक पायरीवर ठेवत आणला. लहान मुलाचा धरतात तसा. आवाज येत नव्हता, त्या काहीतरी बोलत होत्या सारखं.

खाली आला. बसला. पोलला पाठ लावून.

मागे जिन्यावर पावलं. मी लॅपटॉप अर्धा मिटला. कदम साहेब, हातात चहाचे दोन कप. "झालं का ताई?"
म्हटलं, "आज वर हवा जास्त आहे. उद्या बघू."

खोटं बोलताना आवाज व्यवस्थित निघाला. चहाही प्याले.


१९ एप्रिल

तो म्हणतो, पायाला गोळा आला होता.
"सगळं फिरतंय म्हणालास."
"म्हणालो असेन."
"हूक का सोडलास?"
"सगळे सोडतात."

ठकूबाईंनी त्याच्याबरोबर डबाभर गूळ पाठवलाय. म्हणाल्या होत्या, "पोरगं थरथरत व्हतं. बायकूला सांग म्हनावं, ह्याला वर धाडू नगं." हे त्यानेच मला सांगितलं, हसत. मी हसले नाही.

मग कळलं, त्याला हे दोन महिने होतंय. कधी आठवड्यातून, कधी रोज. डाव्या कानात सारखा शिट्टीसारखा आवाज. दोन महिने! आणि त्यात किती पोल चढला. तळवड्याचं गोडाऊन, मोशीचा टॉवर. मी खाली आकडे बघत होते.

"उंचीवर चढायच्या पासची मेडिकल मग कशी झाली?"
"तो डॉक्टर कुणाचं बघतो? रांगेत उभं करतो, शिक्का मारतो."


२० एप्रिल

एक गोष्ट कालपासून टोचतेय. टेकडीचा कॅमेरा रेकॉर्ड होतो. कं.च्या सिक्युरिटी रूममधल्या मशीनमध्ये महिनाभर राहतं. मीच सेट केलंय. पासवर्डही माझ्याकडे.

मि.ला बोलले. तो म्हणाला, "पुसून टाक."
"एवढाच तुकडा पुसता येत नाही. पुसायचं तर अख्खी डिस्क."
"मग फॉरमॅट मार. सांगू डिस्क खराब निघाली. नवी असताना जातात कितीतरी."
"त्यात बाकीचे कॅमेरेही आहेत. गेटचे, यार्डाचे."
"प्रज्ञा, त्यांनी हे बघितलं तर काम गेलं. हे पण आणि पुढचं पण. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. मला कुठे गेटच्या आत घेणार नाहीत."

तो चूक बोलत नाहीये, हाच त्रास.


२१ एप्रिल

सिक्युरिटी रूमला गेले. टाइम सेटिंग बघायचंय म्हटलं, गार्डने खुर्ची दिली. मशीनच्या मेनूत गेले. फॉरमॅटपर्यंत पोचले. खात्री आहे का, असं मशीन विचारतं.

समोरच्या स्क्रीनवर गेट दिसत होतं. सेकंड शिफ्टच्या बसमधून माणसं उतरत होती, एकेकजण बॅग उघडून दाखवत होता.

परत बाहेर आले मेनूतून. घाबरून की शहाणपणाने, ते मलाही माहीत नाही. घरी मि.ने फक्त बघितलं माझ्याकडे. मान हलवली मी, नाही म्हणून. तो जेवला नाही. सासूबाई, "झालंय काय तुम्हा दोघांना?"


२२ एप्रिल

सांगून टाकलं. मि.ला न विचारता.

कदम साहेबांच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर काहीच नसतं त्यांच्या, फक्त पाण्याची बाटली. मी सुरुवात केली, "साहेब, अठरा तारखेला टेकडीवर..."
"बघितलंय मी."
मी खुर्ची ओढून बसले.
"रोज सकाळी आल्यावर आदल्या दिवशीचं बघतो. सवय आहे."
"मग बोलला का नाहीत?"
"तुम्ही बोलताय का, ते बघत होतो." मग म्हणाले, "त्याला परत वर चढवला असतात, तर त्या दिवशी गेट बंद केलं असतं. कायमचं."

मला रडू येईल असं वाटलं, आलं नाही. मग त्यांनी विचारलं, पास कुणी दिला. सांगितलं.  त्यांनी ते मनात कुठेतरी ठेवून दिलं असणार. म्हणाले, "माझ्या हद्दीत तो आता जमिनीवरच. नवी तपासणी होऊन कागद येईपर्यंत. चढायला दुसरा माणूस आहे तुमच्याकडे?"
"नाही."
"मग मला दुसरी पार्टी बघावी लागेल. पाऊस माझ्यासाठी थांबणार नाही."
"मी चढते."

तोंडातून गेलं. मी आजवर घराच्या माळ्यावर सोडून कुठे चढले नाहीये.

साहेब म्हणाले, "पास काढा. आमच्याच इथला. शिक्क्याचा नाही."


२४ एप्रिल

मि. बोलत नाही. दोन दिवस. भोसरीला दुकानात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून वायरी सोलतो. शेजारच्या लेथवाल्याच्या रेडिओवर गाणी चालू, आमच्यात फक्त "पकड दे", "घे".

आज शेवटी म्हणाला, "मला विचारायचं तरी."
"तू नाही म्हणाला असतास."
"म्हणून विचारायचं."

बरोबर आहे त्याचं. पण मी परत तेच केलं असतं. हे त्याला सांगितलं नाही.


२६ एप्रिल

निगडीला कानाचे डॉक्टर. मीच नंबर लावला होता, मि. निमूट आला. एका काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावून तपासलं. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मला तो दिसत होता. उजव्या कानाला पटापट बटण. डाव्या कानाच्या वेळी बोट बटणावर तसंच, आणि तो कपाळाला आठ्या घालून ऐकायचा प्रयत्न करतोय. कितीतरी वेळ.

डॉक्टरबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, डाव्या कानाने बरंच कमी ऐकू येतंय. कानातल्या पाण्याचा दाब वाढून असं होतं, गोळ्यांनी कमी होतं. पण एकाच बाजूला आहे म्हणून एकदा एमआरआय करून घ्या. कधी कधी नसेवर छोटी गाठ असते. असेलच असं नाही. पण बघितलेलं बरं.

गाठ हा शब्द त्यांनी किती सहज म्हटला.

बाहेर आल्यावर मि. म्हणाला, "नदीचं काम होऊ दे, मग करू." मी भांडले. भर चौकात, बस स्टॉपसमोर. लोक बघत होते. शेवटी ठरलं, मे महिन्यात. आधी गोळ्या.


२ मे

दुकानामागे फॅब्रिकेशनवाल्याने एक पोल उभा करून दिलाय. त्यावर माझी शाळा.

मि. मास्तर. "हूक आधी, मग पाय. हूक आधी! काय सांगितलं?"
"तू तरी लावत होतास का?"
"म्हणूनच सांगतोय ना."

पहिल्या दिवशी डोक्याएवढी चढले आणि तिथेच पोलला कवटाळून राहिले. लेथवाले बाहेर येऊन उभे. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, जमतंय जमतंय." मि.ने त्याला आत हाकलला.

उंचीची भीती आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे खाली बघितलं तर तो दोन्ही हात वर करून उभा. मला झेलणार असल्यासारखा. मी पडले असते तर त्याच्यावरच पडले असते आणि दोघंही गेलो असतो. त्याला म्हटलं, बाजूला हो. झाला नाही.


९ मे

पास मिळाला. बीपी, साखर, डोळे, मग डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, मग अरुंद लोखंडी पट्टीवरून चालायचं, मग शिडी. सेफ्टीचा माणूस म्हणाला, बीपी जरा जास्त आहे, थोडा वेळ बसा, परत घेऊ. परत घेतलं. मर्यादेत बसलं.

मि. गेटबाहेर चहाच्या टपरीवर थांबला होता. त्याला आत सोडलं असतं, पण आला नाही. गोळ्यांनी चक्कर कमी आहे म्हणतो. खरं बोलतोय की नाही, कसं कळणार. आता त्याच्या प्रत्येक वाक्याला मी मनात हात लावून बघते, तापलंय का.

माझा फोटो लावलेला पास त्याने हातात घेऊन बघितला. "फोटोत घाबरलेली दिसतेस."


१२ मे

टेकडी. दुसरी डिश मी बसवली. गच्चीवर लॅपटॉपपाशी मि.

चढले. हूक, पाय. हूक, पाय. वर खूप वारा. चाकणच्या शेड दिसतात, सगळं निळं-पांढरं, आणि रस्त्यावर ट्रकची रांग. कानात मि.चा आवाज. "बोलत राहा. गप्प बसू नको. काहीही बोल." म्हणून मी त्याला रस्त्यावरचा ट्रॅफिक सांगत बसले.

खाली ठकूबाई शिडी धरून. "नवऱ्याच्या जागी तूच आलीस व्हय? बरं केलंस. पर सावकास."

डिश लागली. उतरले. मग उलटी झाली. ठकूबाईंना हसू आलं, "तुमच्यात समद्यांना हितं येऊनच व्हतं का?"


१९ मे

पंप हाउस. नदीचा खड्डा, फोनला रेंज नाही. मी वर, मि. खाली लॅपटॉप घेऊन झाडाखाली, आणि आकडे ओरडून सांगणार. आभाळ पश्चिमेकडे काळं होत होतं, त्यामुळे दोघांनाही घाई. घाई करायची नाही हे दोघंही एकमेकांना सांगत होतो.

"ब्याऐंशी!"
थोडं फिरवलं.
"पंच्याऐंशी, उलटं! उलटं!"
हात घामाने सुटत होते. ओढणी घरी ठेवून आले होते, तेवढं बरं केलं. मधे एकदा पाना हातातून निसटला, खाली दगडावर ठण्ण. मि. ओरडला नाही. मी खाली बघितलं तर लॅपटॉप सोडून उभा, तोंडावर हात.
"पाना होता," मी म्हटलं.
"माहिताय. दिसलं."

सत्तर. चौसष्ट. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. मला वाटलं याला परत चक्कर आली.
"मिलिंद?"
"आलं," तो म्हणाला. इतक्या हळू की वाऱ्यात जेमतेम ऐकू आलं.

खाली उतरले. स्क्रीनवर पंप हाउस, दरवाजा, केबल, आणि केबलपाशी आम्ही दोघं. साहेबांनाही दिसत असणार चाकणला. मि.ने कॅमेऱ्याकडे बघून हात केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला खालून बघवत नव्हतं. तू कशी बघायचीस रोज?"
म्हटलं, "आकड्यांकडे बघत होते."

परतताना रस्त्यावर मोठे थेंब पडायला लागले, पण गाडी निघाली.


२१ मे

कदम साहेबांचा फोन. पंप हाउस स्वच्छ दिसतंय. पुढच्या आठवड्यात बाकीच्या जागा दाखवायला नेणार. शेवटी म्हणाले, "मिलिंदची तपासणी?"
"चोवीसला आहे साहेब."
"कळवा."

काम मिळतंय, आणि मला आनंद व्हायला हवा. सासूबाईंनी शिरा केला. मि.ने दोनदा मागून घेतला, तेव्हा मला वाटलं सगळं ठीक होईल. मग भांडी घासताना वाटलं, शिऱ्यावरून काय ठरवायचं.


२४ मे

चिंचवड. स्कॅन सेंटरचा बाक. मि. आत आहे. अंगठी, बेल्ट, मोबाइल, सगळं माझ्या मांडीवर. आत जाताना विचारत होता, मशीनमध्ये हलायचं नाही म्हणजे किती वेळ, खोकला आला तर? म्हटलं, खोकू नको. हसला. चेहरा पांढरा होता.

भिंतीच्या आतून हातोडीसारखा आवाज येतोय. शेजारच्या बाई म्हणाल्या, असाच असतो आवाज, घाबरू नका. त्यांचा मुलगा काल आत गेला होता. त्याचं काय निघालं ते मी विचारलं नाही.

रिपोर्ट संध्याकाळपर्यंत. डॉक्टरबाईंनी तो घेऊन थेट यायला सांगितलंय.

काल संध्याकाळी वादळ झालं. भोसरीला दोन झाडं पडली. देहूरोडला लाइट पहाटे आली. मी सकाळपासून मुद्दाम फोनकडे बघितलं नव्हतं.

आत्ता बघितला. टेकडीची लिंक बंद. म्हणजे पंप हाउसही बंद, ते तिच्यावरूनच येतं. शेवटचं चित्र आहे साठवलेलं, पोल थोडा तिरका, सोलर प्लेट दिसत नाही. ठकूबाईंचा फोन लागत नाही. कदम साहेबांचे मिस्ड कॉल आहेत.

उद्या गेलं तरी चालेल? कळत नाही. पोल तिरका असेल तर त्यावर एकटीने चढायचं नसतं, खालून तोलायला माणूस लागतो. तो माणूस आत आहे.

आवाज थांबला.

आला. एका हाताने भिंत धरून, पण आला. शर्टचं वरचं बटण लावायचं राहिलंय. माझ्या हातातला फोन बघितला. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.
"कुठली लिंक गेली?"
म्हटलं, "बस आधी. चहा घे."
तो बसत नाहीये.